‘कधीमधी घेतो’ असं मी सांगितलं

इरा आणि निहार,

सुहासमामाला कावीळ झाली होती, असं तुम्हाला तुमच्या आईनं सांगितलं. त्यात तिची चूक नाही. तिला तसं मीच सांगितलं होतं. माझ्या नणंदेला, खामगावच्या कुसुमआजीला, शेजाऱ्यांना, दूधवाल्याला, सगळ्यांना मी तेच सांगितलं. डोळे पिवळे होतेच, त्यामुळे ते खोटंही नव्हतं. पण कावीळ कशानं झाली हे पुढचं वाक्य मी दर वेळी गिळलं.

मामाचं लिव्हर दारूनं सुजलं होतं. हे मी त्याला विचारून लिहिते आहे. तो म्हणाला, "लिही. पण त्यांना मराठी वाचता येते का ते पहिले विचार." त्याला थट्टा सुचते आहे, एवढ्यावरून तो सध्या कसा आहे ते समजून घ्या.

इरा, मागे तू फोनवर विचारलं होतंस, "आजी, तू पेपरात पत्र लिहिलं होतंस ना, दारू महाग केली ते बरं केलं म्हणून? मग फरक पडला का तुमच्याकडे?" तुमच्या स्कॉटलंडात दारू एका ठरावीक भावाच्या खाली विकताच येत नाही, हेही तू सांगितलंस. मी "बघू, बघू" म्हणून निहारच्या परीक्षेवर गेले. तू सरळ प्रश्न विचारला होतास आणि मी शाळेतल्या अभ्यास न केलेल्या मुलीसारखी वागले. उत्तर माझ्याकडे होतं. पण ते सांगायचं तर माझा मूर्खपणाही सांगावा लागला असता.

भाव वाढला तेव्हा

गेल्या पावसाळ्यात सरकारनं दारूवरचा कर वाढवला. मला मनापासून आनंद झाला. माझं पत्र पेपरात छापून आलं, त्याचं कात्रण मी फाइलला लावलं आणि त्याचा फोटो तुम्हालाही पाठवला. माणसाला अक्कल सांगून येत नाही, खिशाला चटका बसला की येते, असं काहीतरी मी त्यात लिहिलं होतं. आता ते वाक्य वाचवत नाही.

आनंदाचं कारण घरातच होतं. मामाचं धाड गावात बी-बियाण्यांचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहे. रोज सकाळी मोटरसायकलनं जायचं, दिवे लागायच्या सुमारास परत. आजोबा गेल्यानंतर दोन-तीन वर्षांत त्याचं पिणं वाढलं. आधी महिन्यातून, मग आठवड्यातून, मग मी विचारायचं सोडलं. रिकाम्या बाटल्या तो जुन्या कूलरच्या पेटीत ठेवायचा. त्याला वाटायचं मला माहीत नाही. मला वाटायचं मला माहीत आहे हे त्याला माहीत नाही. एका घरात आम्ही असे राहत होतो.

भाव वाढले आणि कूलरची पेटी रिकामी झाली. एकही बाटली नाही. मी पेटी पुसून तिच्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवली. वैशालीमामीला मी म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हते?"

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, बाटल्या दिसत नाहीत म्हणजे पीत नाहीत असं नसतं."

"तुला त्याचं चांगलं झालेलं दिसतच नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी लिहून ठेवते आहे, कारण ते मी बोलले होते.

पिवळे डोळे

डिसेंबरातली सकाळ होती. बुलढाण्याची थंडी तुम्ही एकदा पाहिली आहे, निहार तर दिवसभर रजईतून बाहेर यायला तयार नव्हता. मामा अंगणात उन्हाला बसला होता. मी चहा द्यायला गेले आणि त्यानं वर पाहिलं. डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं पिवळं झालं होतं.

मी वैशालीला हाक मारली. ती आली, तिनं पाहिलं, आणि तिला धक्का बसलेला दिसला नाही. "परवापासून आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणतात, दुकानात माल यायचा आहे."

त्याचं पोट मला कधीपासून सुटलेलं वाटत होतं. ते सुटलेलं नव्हतं, त्यात पाणी झालं होतं. पाय सुजले होते. मी रोज त्याच्यासमोर जेवायला बसत होते आणि ताटात त्यानं किती टाकलं ते बघत होते. त्याच्याकडे बघत नव्हते.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो.

मी उत्तर दिलं

दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण त्यांचा काही दोष नाही. तिथली डॉक्टर शाहीन माझी विद्यार्थिनी. दहावीला माझ्या वर्गात होती, वक्तृत्व स्पर्धेसाठी तिच्याकडून इंग्रजी भाषण मी पाठ करून घेतलं होतं. मला बघून ती खुर्चीतून उठली. "मॅडम, तुम्ही? बसा ना आधी." तिच्या टेबलासमोर रांगेत बसलेल्या सगळ्या लोकांनी वळून पाहिलं. मला, खरं सांगते, बरं वाटलं. मुलाचे डोळे पिवळे झालेले असताना मला बरं वाटलं.

तिनं मामाला तपासलं, पोटावर बोटं ठेवून टकटक केली. मग विचारलं, "ड्रिंक्स घेता का सर?"

मामानं तोंड उघडलं. त्याच्या मागे उभ्या वैशालीनंही उघडलं. मी वैशालीच्या शेजारीच होते. मी तिचा हात दाबला आणि म्हणाले, "कधीमधी. कुठे कार्यक्रम असला तर. आणि भाव वाढल्यापासून तर जवळजवळ सोडलीच आहे."

शाहीननं मामाकडे पाहिलं. "हो?"

मामानं मान हलवली. एक्केचाळीस वर्षांचा माणूस. "आई सांगते तसंच," तो म्हणाला.

आपल्याकडे हे असंच असतं. दवाखान्यात पेशंटला प्रश्न विचारला की घरातलं मोठं माणूस उत्तर देतं. भूक लागते का, झोप येते का, पोट साफ होतं का, सगळं आईला किंवा वडिलांना माहीत. आणि दारूचं विचारलं की सगळ्या चांगल्या घरांत एकच शब्द आहे, कधीमधी. त्या शब्दामुळे कुणी खोटं बोललं असं होत नाही, आणि कुणी खरं बोललं असंही होत नाही.

शाहीनला शंका आली असणार. तिनं माझ्याकडे एक क्षण जास्त पाहिलं. पण समोर तिची इंग्रजीची मॅडम होती. तिनं लिहून घेतलं.

शेजारची खाट

स्वतंत्र खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून मामाला पुरुषांच्या मोठ्या वॉर्डात खाट मिळाली. दवाखान्यातला दिवस सहाला सुरू होतो. फिनेल, मग चहावाला, मग सिस्टर सुई घेऊन, मग डॉक्टर. जेवण बिनमिठाचं, मुगाचं वरण आणि मऊ भात. वैशाली सकाळी दुकान उघडायला धाडला जायची आणि दुपारी परत यायची. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो, आणि बोलत नव्हतो. मी मामाची फाइल लावली, रिपोर्ट तारखेप्रमाणे, कडेला रंगीत चिठ्ठ्या. नर्स म्हणाली, "आजी, इतकी छान फाइल कुणाचीच नाही." ती फाइल पहिल्या पानापासून चुकीची होती.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारा होता, सरकारी योजनेच्या कार्डावर दाखल झालेला. त्याची बायको कमलाबाई खाटेखाली सतरंजी टाकून राहायची. हिवरा आश्रमाकडच्या एका खेड्यातली, शेतमजुरी करणारी. तिचा आवाज पूर्ण वॉर्डाला ऐकू जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शाहीन राउंडला आली आणि तिनं म्हाताऱ्याचं पुन्हा विचारलं, तेव्हा कमलाबाई म्हणाली, "रोज पेते, डाक्तरीनबाई. पहिले देशी पेत होता, भाव वाढला तं गावठीची पन्नी पेते. इथं आनलं त्या दिशीबी सकाळी पेऊनच आला. लिहून घ्या."

गावठी म्हणजे हातभट्टीची दारू. ती पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत मिळते. मी तोंड फिरवलं. नवऱ्याची अब्रू अशी वॉर्डात मांडायची असते का, असं माझ्या मनात आलं.

शाहीन मग आमच्या खाटेशी आली. मामाच्या हातात चहाचा कागदी कप होता आणि तो हिंदकळत होता. तिनं मला पुन्हा विचारलं, "मॅडम, नक्की कधीमधीच ना?"

"हो गं," मी म्हणाले. एकदा सांगितलेलं बदलायचं म्हणजे आधीचं खोटं होतं हे कबूल करणं आलं. तेही विद्यार्थिनीसमोर. मामानं कप खाली ठेवून भिंतीकडे तोंड केलं.

ती गेल्यावर कमलाबाई म्हणाली, "मॅडम, पोरगा पेते न तुमचा?"

"कधीमधी."

"कधीमधीवाल्याचे हात असे नाई थरथरत. माहा बुढा मागच्या खेपेले असाच थरथरत होता. मी काई बोलली नोती. मंग तिसऱ्या दिशी त्याले चार जनं धरून होते. या खेपेले मी आल्याबरोबर सांगतलं. गोळ्या सुरू केल्या, पाहा कसा निजला हाय. सांगून टाका डाक्तरीनबाईले."

"तुम्ही तुमच्या माणसाकडे लक्ष द्या," मी म्हणाले.

"बरं माय. राह्यलं." ती आपल्या सतरंजीवर जाऊन बसली.

मुलांनो, मला आयुष्यात पुष्कळ लोकांनी सल्ले दिले. इतका नेमका, इतका फुकट आणि इतक्या वेळेवर दिलेला सल्ला दुसरा नाही. तो मी अशा प्रकारे परत केला.

माळ

त्याच दिवशी दुपारी खामगावहून कुसुमआजी आली. तिला मी कावीळ सांगितली होती, म्हणून ती काविळीची माळ घेऊन आली. कसल्यातरी मुळ्यांचे तुकडे दोऱ्यात ओवलेले असतात. ती डोक्यावर ठेवायची, ती वाढत वाढत गळ्यात येते, मग पोटापर्यंत, आणि तितकी उतरली की कावीळ उतरली, असा समज आहे. सोबत उसाच्या रसाची मोठी बाटली.

"वहिनी, त्या माणसाच्या हातचा गुण आहे," ती म्हणाली. "पण एक विचारलं त्यानं, पेशंट पीत तर नाही ना? पिणाऱ्याला माळ लागत नाही. मी म्हटलं, आमचा सुहास? छे!"

कमलाबाईनं सतरंजीवरून आमच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ती हसत होती.

मी एम.ए. झालेली बाई. मुलींना मी अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावले. आणि मी माझ्या मुलाच्या डोक्यावर ती माळ ठेवू दिली, कारण नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

तिसरा दिवस

दुपारी दीडच्या सुमारास मामा खाटेवर उठून बसला. त्याला दरदरून घाम आला होता. तो दाराकडे बघत मोठ्यानं ओरडला, "अबे थांबा बे! पाण्यात पोते उतरवून राह्यले काय? खत भिजून राह्यलं ना सारं!"

मला वाटलं स्वप्न पडलं. मी त्याच्या खांद्याला हात लावला. त्यानं मला ओळखलं नाही. त्याच्यासाठी वॉर्ड म्हणजे दुकान होतं, समोरच्या खाटा म्हणजे ट्रक. त्यानं सलाइनची नळी उपटली, हातातून रक्त आलं. गळ्यातली माळ बघून तो दचकला, ती ओढून त्यानं तोडली, मुळ्यांचे तुकडे फरशीवर पसरले. "उंदीर! आई, हाकल ना वं त्यायले, बियानं खाऊन राह्यले!" लहानपणापासून मी त्याची भाषा सुधारत आले, मले नाही, मला म्हण. त्या दुपारी मी शिकवलेलं एकही अक्षर त्याच्या तोंडात नव्हतं. पण आई हा शब्द होता, आणि तो माझ्याकडे न बघता भिंतीला उद्देशून होता.

मी उभी होते. नुसती उभी. कमलाबाई धावली, तिनं त्याचे पाय धरले. "सिस्टर! धावा! याचं दारूचं हाय, दारूचं!" ती ओरडली. पूर्ण वॉर्डानं ऐकलं. माझं दोन दिवसांचं झाकून ठेवणं तिनं एका दमात उघडं केलं, आणि तेव्हाच पहिल्यांदा त्याच्यावर योग्य इलाज सुरू झाला.

शाहीन आली. वैशाली नुकतीच धाडहून येत होती, हातात डबा होता. शाहीननं विचारायच्या आधीच ती बोलली, "रोज घेतात, डॉक्टर. दुपारपासून. गावठी. इथं आणलं त्या सकाळीसुद्धा घेतली होती."

इंजेक्शनं दिली, हात बँडेजनं खाटेला बांधले, त्याला खाली अतिदक्षता विभागात नेलं. सगळं झाल्यावर शाहीन माझ्यापाशी आली. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "मॅडम, मी दोनदा विचारलं होतं."

जिन्यावर

वैशाली जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

"आई, तुम्ही माझा हात दाबला," ती म्हणाली. "मी सांगत होते."

"मला वाटलं, त्यानं कमी केली आहे."

"तुम्हाला वाटायचं होतं. मी कितीदा म्हणाले, त्यांच्या तोंडाला वास येतो. तुम्ही म्हणालात, तुला त्याचं चांगलं झालेलं दिसत नाही. मी त्यांच्याजवळ झोपते, आई. मला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?"

तिच्या हातातला डबा मी माझ्याकडे घेतला.

मग कमलाबाई आली. तिनं आम्हा दोघींच्या हातात एकेक कागदी कप ठेवला. चहा फार गोड होता. "प्या," ती म्हणाली. "तो वाचते. माहा वाचला, तं हा तं जवान हाय."

मी म्हणाले, "कमलाबाई, काल मी तुम्हाला वाईट बोलले."

"मले कोन चांगलं बोलते?" ती म्हणाली. "बुढाबी नाई बोलत."

वैशाली हसली. तीन दिवसांत ती पहिल्यांदा हसली. मग तिथेच रडली.

इराच्या प्रश्नाचं उत्तर

चौथ्या दिवशी मामा भानावर आला. त्यानं वैशालीला विचारलं, "मी काय काय बोललो?" ती म्हणाली, "काही नाही. एक ट्रक खाली करून घेतला." त्याला पुन्हा वॉर्डात आणलं, आणि एका दुपारी मी त्याला सरळ विचारलं.

"भाव वाढला म्हणून तू कमी केलीस, असं मला वाटलं होतं."

"भाव वाढला म्हणून बाटली सोडली, आई. दारू कुठं सोडली?" तो म्हणाला. "तू इतकी खूश होतीस. पेपरात पत्र लिहिलंस. मी कशाला सांगू?"

मग त्यानं जे सांगितलं ते, इरा, तू नीट वाच. दुकान बंद केल्यावर त्याच्यासोबत बसणारे आणखी दोघं होते. भाव वाढल्यावर त्या दोघांनी खरंच कमी केली. एकानं तर पूर्ण सोडली. त्यांना परवडेना, घरी बोलणी बसायला लागली, आणि ते थांबू शकत होते म्हणून थांबले. मामा एकटा उरला. एकट्यानं बसायला बाटली लागत नाही, पन्नी चालते. गावठीवर ना कर, ना छापील भाव, ना आत काय घातलं आहे ते कळायची सोय. आधी सोबतीला कुणी होतं तेव्हा तो निदान बैठकीतून लवकर उठायचा.

तेव्हा भाव वाढवून फरक पडतो का, तर पडतो. दोन माणसं माझ्या माहितीत आहेत. त्यांच्या बायकांनी सरकारला दुवा द्यावा. आजही कुणी मला विचारलं तर भाव वाढवा, असंच मी म्हणेन. ज्या मुलांनी अजून सुरू केली नाही त्यांच्यासाठी तर नक्कीच. पण भाव वाढवायचा आणि गावठीच्या भट्ट्या तशाच ठेवायच्या, आणि ज्याला लागली आहे त्याच्यासाठी गावात एकही दार नाही, ना समुपदेशक, ना गोळ्या. मग तो माणूस महागातून उठून स्वस्तात जाऊन बसतो. कमलाबाईला मी विचारलं होतं, तुमच्याकडे भाव वाढल्यावर कमी झाली का? ती म्हणाली, "झाली न. घरातलं तेल कमी झालं. पोरीची शिकवनी बंद झाली. त्याची पन्नी तशीच."

मला चीड येते. माझ्या पत्राची येते, त्यात हे काहीच नव्हतं. सरकारची येते. पण सर्वांत जास्त चीड याची येते की भाव वाढल्यामुळे मला बघायचं थांबवायला एक छान कारण मिळालं. सरकारनं काम केलं आहे, आता मी कूलरची पेटी पुसून ठेवायला मोकळी, असं मी मानलं.

आणखी एक, हे तुमच्या ओळखीत कुणाला उपयोगी पडेल म्हणून. रोज पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली, मग ती दवाखान्यात का होईना, तर तिसऱ्या दिवशी जिवावर बेतू शकतं. डॉक्टरला आधी कळलं तर त्यावर औषध असतं. पहिल्या दिवशी सांगा, किती, कोणती, शेवटची कधी. लाज वाटली तर कागदावर लिहून द्या.

दोन महिन्यांनी

घरी आल्यावर मामा सगळ्या गोळ्या वेळेवर घेत होता. पोटातलं पाणी उतरलं. डोळे पांढरे झाले. वैशाली त्याच्यासोबत दुकानात बसू लागली. कुसुमआजीला मी फोन करून खरं सांगितलं. ती म्हणाली, "तरीच माळ लागली नाही."

गेल्या आठवड्यात आम्ही तपासणीला गेलो. शाहीननं रिपोर्ट पाहिले, मान हलवली, आधीपेक्षा बरे होते. मग तिनं विचारलं, "आणि दारूचं कसं काय?"

मी फाइल मांडीवर घेऊन बसले होते. माझं तोंड उघडलं. दोन महिने नीट वागलेला मुलगा, सुधारलेले रिपोर्ट, समोर माझी विद्यार्थिनी. वाक्य जिभेवर तयार होतं. वैशाली माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

मग मामा म्हणाला, "परवा घेतली. एक पन्नी. धाडचा बाजार होता."

मला एवढा संताप आला की कान गरम झाले. इतकं सगळं होऊन. हात बांधले होते त्याचे. मी फाइलची कड दाबून धरली, तिच्यावरची एक चिठ्ठी फाटली.

"मग?" शाहीननं विचारलं. तिच्या आवाजात काही बदल झाला नाही.

"मग हिला सांगितलं. त्याच दिवशी." त्यानं वैशालीकडे बोट केलं. "आज तुम्हाला सांगायचं ठरवून आलो होतो. आई मधे बोलेल एवढीच भीती होती."

शाहीननं लिहून घेतलं. तिनं एक गोळी वाढवली, महिन्याऐवजी दर आठवड्याला यायला सांगितलं. म्हणाली, "सर, लिव्हर अजून एक संधी देतंय. किती देईल ते मी नाही सांगू शकत." मामा म्हणाला, "हाव." ‘हो’ म्हण, असं मी दुरुस्त केलं नाही.

बाहेर बाकावर कमलाबाई बसली होती, म्हाताऱ्याला घेऊन. तो घरी गेल्यावर आठवड्यातच पुन्हा प्याला होता, मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. मग मामा आणि वैशाली औषधं आणायला गेले तसं तिनं मला विचारलं, "तुमचं काय म्हने?"

बाकावर बारा-पंधरा माणसं होती. त्यांतली दोन-तीन मला ओळखणारी.

"परवा प्याला," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

"सांगतलं डाक्तरीनबाईले?"

"त्यानंच सांगितलं."

ती थोडी सरकली, म्हाताऱ्यालाही सरकवलं. "मंग बसा. जागा हाय."

रविवारी तुम्ही फोन कराल. मामा कसा आहे हे मला विचारू नका, त्याला विचारा. मी फोन त्याच्या हातात देईन आणि शेजारी बसेन. तो जे सांगेल ते चांगलं असेल किंवा नसेल. मी मध्ये बोलणार नाही.

तुमची,
आजी